अप्पांचा किलोमीटर

शर्यत संपली की माणूस थांबतो. आमचे नागनाथअप्पा थांबत नाहीत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांना शेवटची रेघ दिसली नसावी. परभणीतलीच एक छोटी, दहा किलोमीटरची शर्यत होती. अप्पा कमानीखालून गेले, टाळ्या झाल्या, पदक घालायला उभी असलेली कॉलेजची मुलगी हात वर करून पुढे झाली आणि अप्पा तिच्या बाजूनं सुळकन निघून गेले. ती बिचारी पदक हातात धरून त्यांच्यामागे धावली. "काका, संपली! अहो काका, शर्यत संपली!"

"म्हाईत हाय, बाई!" अप्पा मागे न बघता म्हणाले. पुढच्या पिंपळापर्यंत गेले, बुंध्याला हात लावला, वळले आणि चालत येऊन तिच्यापुढे मान वाकवून उभे राहिले. धाप तिला लागली होती, अप्पांना नाही.

मी विचारलं, "अप्पा, हे काय?"

"चार बोटं वर सोडली," ते म्हणाले.

हे कळायला अप्पांचं दुकान माहीत असावं लागतं. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. मीटरपट्टीनं कापड मोजून झालं की अप्पा लगेच कात्री लावत नाहीत. अंगठा चार बोटं पुढे सरकवतात आणि मग कापतात. ही वडलांनी घालून दिलेली रीत. "मापाला माप दिलं तर नुसतं कापड दिल्यासारखं झालं," अप्पा म्हणतात. "वर चार बोटं सोडली की गिऱ्हाइकाचं मन राहतंय." गेली चाळीस वर्षं त्यांचा अंगठा असाच सरकत आला आहे. पळताना पायही तसेच सरकतात.

अप्पांचं वय एकसष्ट. उंच, सडसडीत, चालताना किंचित पुढे झुकलेले. पळायचे शर्ट ते दुकानात उरलेल्या कापडाचे शिवून घेतात. ताग्याच्या शेवटी राहिलेला तुकडा पूर्ण शर्टाला पुरत नाही, म्हणून पुढचा भाग चौकटीचा आणि पाठ पट्ट्यांची. येताना चौकडी, गेल्यावर पट्टे. त्यामुळे जिंतूर रोडवरच्या लोकांची बरेच दिवस अशी समजूत होती की पहाटे तिथून दोन म्हातारे पळतात.

अप्पा लिंगायत; सकाळी पूजा झाल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. गळ्यातलं लिंग पळताना हलू नये म्हणून त्याच्या चांदीच्या डबीला त्यांनी मऊ मलमलीची पिशवी शिवली आहे आणि ती छातीशी पट्टीनं बांधलेली असते. कपाळावर भस्माची तीन बोटं. पाच किलोमीटरला ते भस्म भुवयांपर्यंत उतरतं, दहाला नाकाच्या शेंड्यावर येतं. घड्याळ विसरलेलं असलं की आम्ही अप्पांच्या तोंडाकडे बघून ठरवतो, किती झालं ते.

आणि अप्पांना रस्ता दिसत नाही, कापड दिसतं. नवा डांबरी रस्ता म्हणजे टेरीकॉट. "गुळगुळीत हाय, पण वारा लागू देत न्हाई." शेतातली पायवाट मांजरपाट. "खरबरीत, पण टिकाऊ." पावसाळ्यातली आपली काळी माती म्हणजे मखमल. "बघायला झ्याक. एकदा पाय धरला की सोडत न्हाई." आणि चढ म्हणजे खळीचं कोरं कापड. "पहिल्यांदा टोचंल. दोनदा घाला, मऊ पडतंय."

आता मी या माणसाच्या मागे कशी लागले, ते सांगते. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. चार वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी घरी आले आणि यादी केली. बूट, मोजे, टोपी, पाण्याची बाटली, घड्याळ, वही, पेन. यादीतलं सगळं आणलं. त्यात तीन आठवडे गेले. चालणं तेवढं राहिलं होतं.

शेवटी एका सकाळी मैदानावर गेले. एक फेरी झाली की थांबायचं, वहीत लिहायचं, वेळ टाकायची, पुढची फेरी. चौथ्या फेरीला चौकटीचा शर्ट घातलेला माणूस माझ्यापाशी येऊन थांबला.

"शरणार्थ, ताई. तुमी फिरायलात का हजेरी घ्यायलात?"

"फेऱ्या लिहितेय," मी म्हणाले.

"ती वही माझ्याकडं द्या. कापड मोजणारा मधी मधी लिवत बसला तर कात्री कवा लावावी?"

अनोळखी माणसाला मी साधं पेन देत नाही. पण का कोण जाणे, वही दिली. महिनाभर ती त्यांच्याकडेच होती. परत मिळाली तेव्हा उघडून पाहिलं. रोजची तारीख, माझ्या फेऱ्या, माझी वेळ, सगळं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. स्वतः पळता पळता हा माणूस माझ्या फेऱ्या मोजत होता. मला एका अक्षरानंही न सांगता.

चालण्याचं पळणं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. अप्पा कधी "पळा" म्हणाले नाहीत. ते शेजारून पळत जायचे आणि म्हणायचे, "त्या लिंबापर्यंत या. पुढं तुमची मर्जी." दुसऱ्या दिवशी लिंब थोडा लांबचा असायचा. मी जोर केला की हमखास हाक यायची, "लय ताणू नका, ताई, वीण सुटंल!" ही त्यांची सगळ्या दुखण्यांवरची गोळी. गुडघा दुखला, वीण सुटंल. झोप झाली नाही, वीण सुटंल. शाळेत साहेबांशी माझं वाजलं, तरी तेच.

हळूहळू आम्ही सात जण झालो. यादी अर्थात मी ठेवली. कुणाचा बुटाचा नंबर काय, रक्तगट काय, कुणाला सकाळी चहा लागतो आणि कुणाला चालत नाही. अप्पा त्या यादीला "ताईंचं पंचांग" म्हणायचे. पण कुठं काही अडलं की, "बघा बरं पंचांगात," हे पहिलं तेच म्हणायचे.

पळणाऱ्याला चढ लागतो आणि परभणीत चढ नाही. चहूकडे सपाट. म्हणून अप्पांनी रेल्वेवरचा उड्डाणपूल नेमला. मंगळवारी आणि शुक्रवारी पुलाच्या बारा फेऱ्या, वर आणि खाली. तिथं उभे असणारे रिक्षावाले रशीदभाई पहिले काही दिवस गप्प बसून बघत होते. मग एकदा राहवलं नाही.

"क्या अप्पा, पुल पे कुछ गिर गया क्या? रोज ढूंढते आप."

"चढ ढूंढ रहा हूं, भाई," अप्पा वरून म्हणाले. "अपने गाव में येच एक है."

तेव्हापासून आम्ही पुलावर दिसलो की रशीदभाई रिक्षा बाजूला घेतात आणि मोठ्यानं आमच्या फेऱ्या मोजतात. कधी कधी मुद्दाम एक खातात. अप्पांचं त्याला काहीच म्हणणं नसतं.

हा चढ आम्हाला कशाला हवा होता? जिंतूरकडच्या डोंगरात दर हिवाळ्यात एक शर्यत होते. एकवीस किलोमीटर, आणि शेवटचे तीन किलोमीटर घाट. तीन तासांत पोचायचं. जो मागे पडतो त्याला मागून येणारी जीप उचलते.

गेल्या वर्षी त्या जीपनं मला उचललं. एकोणिसाव्या किलोमीटरला. केळ्यांच्या क्रेटशेजारी बसून मी घाट चढले. जीपमधून उतरताना लोकांनी चांगल्या मनानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मला वर्षभर ऐकू येत होत्या. मी ठरवलं, पुढच्या वर्षी त्या जीपमध्ये बसायचं नाही. साखर उतरली होती, गोळी अर्धी झाली होती, ते सगळं खरं. पण मला तो घाट स्वतःच्या पायांनी हवा होता.

मी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "मग पहिलं माप नीट पायजे."

माप घेण्याची त्यांची पद्धत अशी. जिंतूर रोड रुंद करताना किलोमीटरचे जुने दगड निघाले होते. आभाळातून अंतर सांगणारं जीपीएसचं घड्याळ तेव्हा आमच्यात कुणाकडे नव्हतं. अप्पांनी सायकल काढली, पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधली आणि गावाबाहेरच्या पुलापासून झरीच्या दिशेनं निघाले. सायकल हातात धरून, चालत. चिंधी खाली आली की एक. शंभर झाले की या खिशातला चिंचोका त्या खिशात. पाच चिंचोके झाले की एक किलोमीटर, आणि रस्त्याकडेच्या दगडावर पांढऱ्या रंगाची रेघ. असे साडेदहा किलोमीटर. जाऊन परत आलं की एकवीस. तीन रविवार लागले.

वर्षभर मी त्या रेघांवर पळाले. वेळ येत होती तीन तास चौदा मिनिटं, मग अकरा, मग नऊ. दिवाळीनंतर सहा. सहाच्या खाली काही केल्या येईना. आणि हा सपाट रस्ता, घाट वेगळाच. शर्यतीला दहा दिवस राहिले तेव्हा मी एका संध्याकाळी कागद घेतला आणि नाव का काढून घ्यावं याची कारणं लिहिली. सात निघाली. एकही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव काढायचं म्हणून सांगायलाच गेले, तर गजानन आधी येऊन उभा. गजानन झरीचा, शेतकरी घरचा. रोज मोटरसायकलवर येऊन आमच्यात पळायचा आणि तसाच परत शेतात जायचा. त्याच्या मेव्हण्यानं त्याला नवं जीपीएसचं घड्याळ दिलं होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "अप्पासमोर बोलायचं कसं, म्हणून तुमाला सांगायलोय. अप्पाचा किलोमीटर लांब हाय."

"किती लांब?"

"पन्नास मीटर. एकाला. सगळे बघितले. एकजात पन्नास."

मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट दुकानात गेले. अप्पा दोन बायकांना परकराचं कापड देत होते. थोरल्या आजी होत्या आणि त्यांची सून. अप्पांनी मीटरपट्टी लावली, मोजलं, अंगठा चार बोटं पुढे सरकवला आणि कात्री चालवली. तो अंगठा बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अप्पा, सायकलच्या चाकाचा घेर किती धरला होता?"

"या, ताई, बसा. दोन मीटर."

"आणि आहे किती?"

अप्पांनी मीटरपट्टीकडे बघितलं. "दोन मीटर धा सेंटिमीटर."

"मग वरचे दहा सेंटिमीटर गेले कुठं?"

"जातेत कुठं? वर सोडले."

"प्रत्येक फेरीला?"

"रीतच हाय ती."

सून फसकन हसली. मला हसू येत नव्हतं. "अप्पा, एकवीस म्हणून तुम्ही मला वर्षभर बावीस किलोमीटर पळवलंत! मला वाटत होतं, माझ्यातच दम नाही. मी आज नाव काढायला निघाले होते."

अप्पांनी कात्री खाली ठेवली आणि गादीवर बसले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"नाव काढू नका, ताई," ते म्हणाले. "चूक झाली. गिऱ्हाइकाला कमी पडू ने, एवढंच डोक्यात. पळणाऱ्याला जास्तीचं वज्जं होतंय, हे ध्यानातच आलं न्हाई."

आजी आपलं कापड पिशवीत घालत माझ्याकडे वळल्या.

"बाई, पळालात ना तुमी ते जास्तीचं?"

"पळाले."

"मग रडायलात कशाला? ते कुठं सांडलं का वाटंत? तुमच्याच पायात हाय की!"

मी अप्पांकडून पेन घेतलं आणि पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हिशोब केला. बावीसला तीन तास सहा मिनिटं, तर एकवीसला किती? दोनदा केला. दोन तास सत्तावन्न.

"घाटाची चार-पाच मिनिटं वर धरा," अप्पा हळूच म्हणाले.

"मग तीन तास दोन मिनिटं."

"म्हणजे दोन मिनिटं कमी करायची," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा थोडा वर आला. "तेवढं तर कुणी बी घासाघीस करून कमी करतंय."

नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी मी जिंतूर रोडनं गेले तर भर उन्हात अप्पा रस्त्याच्या कडेला बसून दगडांवर नव्या रेघा ओढत होते. एकटेच. मी ब्रश मागितला, त्यांनी दिला नाही. "माझी जिम्मेदारी हाय," म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी चांगलीच थंडी होती. गजाननच्या घरची निम्मी मंडळी टेम्पो करून आली होती. माझे मिस्टर आणि मुलगी थर्मास घेऊन शेवटच्या रेघेजवळ थांबणार होते. निघण्याआधी मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, "तुम्ही पुढं जायचं. मागच्या वर्षी तुमच्या गटात दुसरे आला होतात. माझ्यासाठी थांबलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"थांबतंय कोण!" अप्पा म्हणाले आणि चौकटीचा शर्ट सुरुवातीलाच गर्दीत दिसेनासा झाला. थोड्या वेळानं लांबवर पट्टे दिसले, तेही गेले.

मी माझ्या चालीनं निघाले. पाच किलोमीटर, दहा, पंधरा. सगळं कागदावर होतं तसंच चाललं होतं. अठराव्याला, घाटाच्या तोंडाशी आले तेव्हा दोन तास एकतीस मिनिटं झाली होती. हातात एकोणतीस मिनिटं आणि समोर तीन किलोमीटर चढ. मागे इंजिनाचा आवाज आला. जीप. चालकानं मला ओळखलं असावं, आवाजात आपुलकी होती.

"मॅडम, बसा की. जागा हाय. केळी बी हायत."

मी मान हलवली. पाय जड झाले होते. आणि तेवढ्यात पहिल्या वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर चौकटीचा शर्ट बसलेला दिसला. अप्पा वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"मी थांबलो न्हाई," मी जवळ येताच ते उठत म्हणाले. "नाडी सुटली."

त्यांच्या वेगानं ते तिथं अर्ध्या तासापूर्वीच पोचलेले असणार. मी नुसतं त्यांच्या बुटांकडे बघितलं.

"दोन्ही बुटाच्या सुटल्या," अप्पा म्हणाले.

बोलणार नाही असं मी सांगितलंच होतं. बोलायला श्वासही नव्हता, त्यामुळे शब्द पाळला गेला. अप्पा माझ्यापुढे दहा पावलांवर पळू लागले. शेजारी नाही, मागे नाही, बरोबर दहा पावलं पुढे. मी वेग वाढवला की तेही वाढवत, मी मंदावले की तेही. आणि तोंड चालूच.

"बारीक पाऊल टाका, ताई. हे वळण बघा, हे पॉपलिन. साधं हाय, कोणी बी नेसंल. वर बघू नका, वरचा माल आपला न्हाई. एवढा खडक आपला. झाला का? आता तो पळस आपला."

"मॅडम, बसा आता!" मागून जीपचा हॉर्न वाजला. "साहेब म्हणायलेत टाइम संपायला आला!"

अप्पा वळले आणि उलटे पळत पळत ओरडले, "ओ भाऊ, गाडी लांब ठिवा! धुरानं माल काळा पडायलाय!"

चालकानं खरंच गाडी मागे घेतली.

दुसऱ्या वळणानंतर मी चालायला लागले. माझ्यापुढे पट्टेही चालू लागले. अप्पा म्हणाले, "चाला. पण हात पळू द्या. हात पळले की पायाला लाज वाटती." मी हात पळवले. थोड्या वेळानं पायांना खरंच लाज वाटली. पुढची चढण मी कशी आले, ते मला आठवत नाही. त्या चौकटीच्या शर्टाचे पाठीमागचे पट्टे तेवढे आठवतात. निळे आणि पांढरे, एक रुंद, एक अरुंद. ते मोजत वर गेले.

कमान दिसली तेव्हा अप्पा बाजूला झाले आणि मला पुढे जाऊ दिलं. दोन तास एकोणसाठ मिनिटं वीस सेकंद. मी रेघ ओलांडली आणि सरळ मातीत बसले. मुलगी रडत होती, मिस्टर थर्मासचं झाकण उघडायला विसरून नुसते उभे होते. जीप आमच्या मागून आली. चालकानं उतरून मला दोन केळी दिली. आणखी एक जण जीपमधून उतरला, आणि मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्याजवळ जाऊन एक केळं दिलं.

अप्पांना त्या वर्षी गटात काहीच मिळालं नाही. त्यांची वेळ माझ्याहून चार सेकंद जास्त होती.

थोड्या वेळानं सगळे आपापल्या माणसांत गेले. गजाननला टेम्पोतल्यांनी खांद्यावर घेतलं होतं. अप्पा एका दगडावर बसून छातीवरच्या नंबराशी झटत होते. इतर लोक तो नंबर पिनांनी लावतात. अप्पा लावत नाहीत, कारण पिनांनी कापडाला भोकं पडतात. ते घरी बसून कच्च्या टाक्यांनी तो शर्टावर शिवून आणतात.

"ताई, चष्मा न्हाई जवळ," ते म्हणाले. "एवढा दोरा उसवता का?"

मी माझ्या पिशवीतून लहान कात्री काढली आणि टाके उसवले. नंबर माझ्या हातात आला. कुठलाही कागद हातात आला की उलटून बघायची मला सवय. मागच्या बाजूला छापील रकाने होते. नाव, वय, रक्तगट, औषधं. सगळं अप्पांच्या बारीक अक्षरात. शेवटचा रकाना, संकटात कुणाला कळवावे. त्यापुढचा नंबर मला पाठ होता. तो अप्पांच्या दुकानाच्या पिशवीवर छापलेला असतो.

"अप्पा, हा तर दुकानाचा फोन."

"हां."

"आज रविवार. दुकान बंद."

"बंदच हाय."

"आणि उघडं असतं तरी उचललं असतं कुणी? तुम्ही तर इथं."

अप्पांनी शर्टावर राहिलेला दोऱ्याचा तुकडा चिमटीत धरून काढला. "रकाना मोकळा ठिवू देत न्हाईत, ताई. फॉर्मवाला म्हणला, कायतरी लिवाच. मग लिवलं."

"मुलाचा लिहायचा."

"तो पुण्याला. तिथून काय करणार? उगं घाबरंल बिचारा." त्यांनी तो दोरा बोटाला गुंडाळला. "पहिलं घरच्यांचा लिवत होतो. त्या होत्या तवर ह्या रकान्याचं कधी ध्यानातच आलं न्हाई."

अप्पांच्या पत्नीला जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे मी अप्पांना ओळखते त्याच्या आधीपासून, प्रत्येक शर्यतीत, हा माणूस बंद दुकानाचा फोन छातीशी शिवून पळत होता. आणि माझ्या यादीत सात जणांचे बुटाचे नंबर होते, रक्तगट होते, कुणाला चहा चालतो, कुणाला नाही ते होतं. हा रकाना मी कधी आखलाच नव्हता.

मी पेन काढलं. तो नंबर खोडला आणि त्याच्या खाली दुसरा लिहिला. अप्पांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, पण चष्म्याशिवाय त्यांना दिसेना.

"कुणाचा लिवला?"

"माझा. यापुढं फॉर्म भरताना हाच लिहायचा."

अप्पांनी तो कागद मांडीवर ठेवला, तळहातानं सुरकुती काढली, कडेला कडा जुळवून चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"रविवारचा तुमाला तरास," ते म्हणाले.

"असू द्या."

ते खाली घाटाकडे बघत राहिले. तिकडे जीप आता रिकामीच उतरत होती.

"म्हणजे आता कुठं पडलो तरी हरकत न्हाई, म्हणा," अप्पा म्हणाले.